मेंदीखालचं शिंग

रकियाने मेंढ्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि मेंदीचा आणखी एक थर उजव्या शिंगाच्या मुळाशी थापला. मेंढ्याने फुरफुरून मान झटकली. मेंदीचे शिंतोडे तिच्या ओढणीवर उडाले.

"गप रे बाबा, गप. तुझ्याच भल्यासाठी चाललंय," ती पुटपुटली. मग तिचं तिलाच कसंसं झालं. उद्या मोठी ईद. उद्या ज्याच्या मानेवरून सुरी फिरायची, त्याच्या भल्याचं आपण काय बोलतोय?

कपाळावरही तिने मेंदीचा एक मोठा ठिपका काढला. बघणाऱ्याला वाटावं, नेहमीसारखीच मेंदी लावलीय, जरा हात सैल पडलाय इतकंच. चार पावलं मागे सरून तिने पाहिलं. शिंगाचा तडा दिसत नव्हता. मुळाशी आलेलं रक्तही दिसत नव्हतं.

दिसत होतं ते कारंजं. चौकाच्या भिंतीला लागून मांडीएवढ्या उंचीचा हौद, वर तांब्याची तोटी, आणि हौदाच्या दर्शनी अंगाला निळ्या-हिरव्या फरशीच्या बारीक तुकड्यांची चांदण्यांची नक्षी. त्या चांदण्यांमधल्या दोन आता नव्हत्या. तिथे तळहाताएवढा पांढरा चुना उघडा पडला होता, दात पडलेल्या तोंडासारखा.

फेज शहराच्या जुन्या गल्लीतल्या त्या घरात तीन बिऱ्हाडं होती. खाली एका अंगाला रकिया आणि तिचा नवरा अल्लाल. तो कातडी कमावण्याच्या कुंडांवर ओल्या कातड्यांचे गठ्ठे वाहणारा हमाल. समोरच्या खोलीत बूशता तांबट, एकटा जीव. वर सज्जात म्हातारी तामू. पाणी तिघांचं एकच, ते या कारंज्याचं. घराची मालकीण लाल्ला झहूर शहराच्या नव्या भागात राहायची आणि वर्षातून एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, मुबारक करायला यायची. खोली देताना तिची एकच अट असायची.

"भिंतीला खिळे ठोका, दाराला हवा तो रंग द्या, माझं काही म्हणणं नाही. पण कारंज्याला ओरखडा आला, तर ज्याने आणला त्याने त्याच महिन्यात खोली रिकामी करायची."

हे ती हसून म्हणत नसे.

फुटलं ते सोमवारी सकाळी. रकिया कणकेची फळी डोक्यावर घेऊन मोहल्ल्याच्या भट्टीवर गेली होती. परत आली तर चौकात चिटपाखरू नाही, कारंज्यापाशी फरशीचे तुकडे पसरलेले, आणि मेंढा जिन्याखालच्या अंधारात आपल्या जागी उभा राहून लसूणघास चघळतोय, जसा काही आयुष्यात तिथून हललाच नाही. दावं मात्र खुंटीवरून सुटून जमिनीवर पडलं होतं. ती जवळ गेली. शिंग मुळाशी तडकलेलं. रक्ताचा ओघळ डोळ्यापर्यंत आलेला. आणि कपाळाच्या लोकरीत निळ्या फरशीची एक कपची.

ती कपची तिने काढली, ओढणीने रक्त टिपलं, दावं खुंटीला पक्कं बांधलं. एवढं सगळं होईपर्यंत तिने काही विचार केलाच नाही. हातांनी परस्पर करून टाकलं. विचार मागाहून आला, आणि आला तो असा: ज्या मेंढ्याच्या शिंगातून रक्त येतंय, तो कुर्बानीला चालत नाही. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि दुसरा मेंढा आणण्याची ऐपत अल्लालची नव्हती. ह्याच एकासाठी त्याने थंडीभर भिजलेली कातडी पाठीवर वाहिली होती. बाजारातून येताना तो मेंढा त्याने खांद्यावर घेऊन आणला होता, चालवत नाही. गल्लीतल्या लोकांनी बघावं म्हणून.

कारंजं मेंढ्याने फोडलं असं म्हटलं, तर मेंढाही गेला आणि खोलीही गेली.

तेवढ्यात वरून तामूचा आवाज आला होता.

"काय झालं गं? कोण आहे?"

रकियाने मान वर केली. म्हातारी सज्जाच्या कठड्यावरून वाकून खाली बघत होती. आणि मग दोघींचीही नजर एकाच वेळी कारंज्याशेजारी गेली. तिथे तामूचा गॅसचा रिकामा बाटला उभा होता, त्याच्या गळ्याला दोर तसाच गुंडाळलेला. म्हातारीला जिना चढउतार झेपत नसे, म्हणून ती बाटला दोराने वरून सोडायची.

"या अल्ला," तामू म्हणाली. "शेवटी शेवटी सुटला होता गं माझ्या हातून. धप्पकन आवाज आला. मला वाटलं, जमिनीवरच टेकला. मी आपली नमाजाला गेले."

रकियाने ती निळी कपची मुठीत झाकली.

संध्याकाळी अल्लाल आला. त्याने कारंजं पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून आपटला.

"मावशी, बाटला तुमचाच ना? किती वेळा सांगितलं, मला हाक मारा, मी उतरवतो. नाही! तुम्हाला अजून विशीतलं असल्यासारखं वाटतं!"

"माझाच बाटला, बाबा. माझाच हात," तामू म्हणाली.

"बाटलाच असणार," बूशता म्हणाला. एरवी हा गडी एका शब्दाला दहा शब्द जोडणारा. मेंढा आल्यापासून तो त्याला 'हाजीसाहेब' म्हणायचा, रोज सकाळी वाकून सलाम करायचा. त्या दिवशी तो एवढंच बोलला आणि दार लावून आत गेला. रकियाला वाटलं, म्हातारीसाठी वाईट वाटलं असेल त्याला.

अल्लाल मेंढ्याला सातू घालायला निघाला, तेव्हा रकिया आडवी आली.

"मी घातलेत. तुम्ही हात धुवा आधी, कातड्यांचा वास येतोय. तो बुजतो."

"माझ्या वासाने बुजतो? मीच आणलाय त्याला!"

"म्हणूनच बुजतो," बूशता बंद दाराआडून म्हणाला. कोणी हसलं नाही.

असे दिवस गेले. रकिया गुपचूप शिंग धूत होती, राख लावत होती, अल्लालला मेंढ्याच्या डाव्या बाजूलाच उभं करत होती. रात्री त्याच्या शेजारी पडल्यावर तिला सज्जावरची पावलं ऐकू येत. म्हातारी झोपत नव्हती.

आता ईदच्या आदल्या दुपारी मेंदी वाळायला लागली होती, आणि जिन्यावर तेच पाऊल वाजलं. तामू एकेक पायरी उतरत खाली आली. हातात कालवलेल्या मेंदीचा वाडगा होता.

घरात मेंढा कोणाचाही असो, त्याला मेंदी तामूच लावायची. एके काळी अर्ध्या मोहल्ल्याच्या नवरीमुलींचे हात तिने रंगवले होते. स्वतः रकियाच्या लग्नातली मेंदी तिच्याच बोटांची. ईदच्या मेंढ्याला ती नवरीसारखी सजवायची आणि वर म्हणायची, "जा राजा, देखणा होऊन जा."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. मेंढ्याकडे पाहिलं. मग रकियाच्या लाल हातांकडे.

"लावलीस होय?"

"हो… म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास…"

"बरं केलंस." तामूने वाडगा पायरीवर ठेवला. अगदी हळू, जणू तोही फुटेल. "हल्ली माझ्या हाताचा भरवसा नाही. बाटला धरवत नाही, मेंदी काय लावणार."

"तसं नाही हो मावशी."

"तसंच आहे, पोरी. मला आठवतसुद्धा नाही बघ. सुटला एवढं आठवतं. कारंज्यावर आदळला ते आठवत नाही. म्हणजे हातही गेला आणि डोकंही. एकटीने राहायचं वय नाही आता माझं." ती वळली. "लाल्ला झहूरने येऊन बाहेर काढावं, त्याआधी मीच जाते. उद्याची नमाज झाली की मेकनेसला, भाच्याकडे."

"तिथे तुम्हाला करमत नाही!"

"चौथा मजला, आणि भाचेसून साखरेचा खडासुद्धा मोजून देते. करमायचं काय त्यात?" तामू हसली. "पण तिच्या घरी फोडण्यासारखं काही नाही."

ती वर गेली. वाडगा पायरीवरच राहिला. मेंदीवर तिच्या बोटांचा ठसा होता. उतरताना वाडगा हलला असेल, कडेला थोडी मेंदी सांडली होती.

रकिया त्या वाडग्याकडे बघत बसून राहिली. कधीतरी तिने मेंढ्यापुढे आणखी लसूणघास टाकला. तो त्याला नको होता.

थोड्या वेळाने बूशता जिना उतरताना दिसला. पाठीवर तामूची लाकडी पेटी होती. मागे तामू, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात चटईची वळकटी. तांबटाचा चेहरा पडलेला होता. खालच्या पायरीवर त्याचा पाय वाडग्याला लागता लागता राहिला.

"दाराशी ठेव बाबा," तामू म्हणाली. "उद्या हमाल मिळायचा नाही."

"पेटी खाली ठेव," रकिया म्हणाली.

"तेच करतोय, वहिनी."

"दाराशी नाही. इथे. ठेव म्हणते ना!"

तिचा आवाज तिच्याही ओळखीचा नव्हता. बूशताने पेटी तिथेच टेकवली. रकियाने हौदातून पाण्याची बादली भरली, मेंढ्यापाशी गेली, आणि त्याच्या डोक्यावर सबंध बादली ओतली. मेंदीचे गोळे ओघळून खाली पडले. तिने ओढणीने शिंगाचं मूळ पुसलं आणि बाजूला झाली.

"मेंढ्याने फोडलंय. माझ्या मेंढ्याने. दावं सुटलं होतं. मी बघितलं, बांधून टाकलं, आणि गप्प बसले. मावशी, तुमचा हात नव्हता."

बाहेरचं दार करकरलं. अल्लाल आत आला होता. काखेत फडक्यात गुंडाळलेल्या, नुकत्याच धार लावून आणलेल्या सुऱ्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. पुरेसं ऐकलं होतं. त्याने सुऱ्या पेटीवर ठेवल्या, मेंढ्यापाशी जाऊन गुडघे टेकले आणि ते तडकलेलं शिंग दोन बोटांनी चाचपलं. रकियाला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पण एक मिनिट," बूशता म्हणाला. "हाजीसाहेब कारंज्यावर कशाला धावून जाईल? मेंढा भिंतीवर धावत नाही. मेंढा धावतो तो दुसऱ्या मेंढ्यावर."

आणि तो बोलता बोलता थांबला. तोंड तसंच उघडं. मग कोणाला काही न सांगता आपल्या खोलीत गेला, आणि आला तो दोन्ही हातांत एक भला मोठा पितळी थाळा घेऊन. ईदच्या बाजारासाठी घडवलेला, लिंबू आणि राखेने घासून असा लखलखीत केलेला, की आरशाची गरज नाही. फक्त मधोमध खोल पोचा होता.

"सोमवारी हा घासून मी कारंज्याला टेकवून ठेवला होता. वाळायला," तो म्हणाला. "पुदिना आणायला कोपऱ्यावर गेलो. येऊन बघतो तर थाळा पालथा आणि चांदण्या फुटलेल्या. मला वाटलं, घसरला आणि त्यानेच फोडल्या. मी उचलून पलंगाखाली घातला." त्याने मान खाली घातली. "आणि बाटल्याच्या नावाने बोललो. मावशी, थोबाडीत मारा माझ्या."

बोलताना त्याने थाळा छातीशी उभा धरला होता. मेंढ्याने मान वळवली. थाळ्यात त्याला दुसरा एक मेंढा दिसला, भिजलेला, लाल कपाळाचा, चांगलाच आगाऊ. त्याने डोकं खाली घातलं, पाय मागे घेतले आणि झेप घेतली. दावं ताणलं. खुंटी भिंतीत कडकडली. बूशता थाळ्यासकट मागच्या मागे चटईच्या वळकटीवर बसला.

"मेलो! हाजीसाहेब, मी आहे, मी!"

आधी अल्लाल हसला. तो घोड्यासारखा हसायचा, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. मग बूशता पडल्या पडल्याच हसायला लागला. रकियाने ओढणीत तोंड खुपसलं. ती हसत होती की रडत होती, हे तिला नीटसं कळलं नाही.

तामू तेवढी हसत नव्हती. ती पेटीच्या कडेवर, सुऱ्यांशेजारी टेकली होती.

"म्हणजे बाटला जमिनीवरच टेकला होता?" तिने विचारलं.

"जमिनीवरच, मावशी."

"मला आठवतं तसाच?"

"अगदी तसाच."

म्हातारीने उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली. परत मिटली, उघडली. मग ती उठली, पायरीवरचा वाडगा घेतला आणि मेंढ्यापाशी जाऊन बसली. शिंगाच्या मुळाशी तिने नाक लावून बघितलं.

"अल्लाल, इकडे ये. रक्त ओलं नाही हे. वाळलंय. खपली धरलीय. तुझ्या बायकोने राख लावून बरं केलंय. जा, मशिदीत जाऊन फकीहांना नियम विचारून ये. उशीर करू नकोस."

अल्लाल अनवाणीच मशिदीकडे पळाला. तो येईपर्यंत बूशता थाळा पालथा घालून, मेंढ्याला दिसणार नाही असा, त्यावर बसून राहिला.

अल्लाल दारातूनच ओरडला, "चालतो! ते म्हणाले, रक्त वाहत असतं तर नाही. वाळलंय ना? मग जखम भरली. चालतो!" मग रकियासमोर येऊन उभा राहिला. धाप लागलेली. "मला सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही खांद्यावरून आणला होता त्याला," रकिया म्हणाली.

त्याने मान हलवली, आणि तामूची पेटी उचलून वर घेऊन गेला. सुऱ्यांसकट. मग त्या आणायला परत वर जावं लागलं.

तामूने मेंढ्याच्या कपाळावर नवरीच्या हातावर काढतात तशी वेल काढली. बोट एकदाही घसरलं नाही.

राहिली होती लाल्ला झहूर.

"बाटलाच म्हणा तिला," ईदच्या दिवशी कलेजीचे तुकडे निखाऱ्यावर भाजताना तामू म्हणाली होती. "मला म्हातारीला ती काढणार नाही."

"मग थाळा म्हणा," बूशता म्हणाला. "मी एकटा, कुठेही पडेन."

"जे झालं तेच सांगायचं," अल्लाल म्हणाला. रकियाने नुसती पंख्याने हवा घातली. तिच्या डोळ्यांपुढे आपल्या खोलीच्या भिंती होत्या, गेल्याच वर्षी स्वतः चुना दिलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल्ला झहूर आली, काठी टेकत, पांढऱ्या घोळदार जेलाब्यात. चौकात पाऊल टाकताच ती थांबली. मुबारक म्हणायचंही राहून गेलं.

"कोणी?"

रकिया पुढे झाली. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता. मेंदीचंही सांगितलं. बूशताने थाळा आणून दाखवला. लाल्ला झहूरने पोच्यावर बोटं फिरवली.

"हा कुठे टेकवला होतास?"

त्याने जागा दाखवली.

"आणि मेंढा कुठे होता?"

"जिन्याखाली, लाल्ला. त्या खुंटीला."

काठी टेकत लाल्ला झहूर हौदाच्या दुसऱ्या टोकाला गेली, भिंतीच्या बाजूला, जिथे कोणी कधी नीट बघत नाही. तिथे वाकली. तिथल्या तीन-चार चांदण्यांचा निळा रंग बाकीच्यांहून किंचित फिका होता. रकिया इतकी वर्षं इथे पाणी भरत होती, तिच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मी नऊ वर्षांची होते," लाल्ला झहूर म्हणाली. "इथे खलबत्त्याचा बत्ता घेऊन बदाम फोडत बसले होते. आईने हाक मारली म्हणून वर गेले. खाली आले तर हे फुटलेलं आणि बत्ता शेजारी पडलेला. मी नाही फोडलं, मी नाही फोडलं, म्हणून घसा बसेपर्यंत रडले. वडिलांनी माझा ईदचा नवा काफ्तान दुकानदाराला परत केला. पुढे पाहुणे आले की मरेपर्यंत सांगायचे, ही आमची झहूर, हिनेच कारंजं फोडलं. शेवटी मलाही वाटायला लागलं, फोडलं असेल."

"ईदच्या आधीचे दिवस होते का, लाल्ला?" तामूने हळूच विचारलं. "घरातली पितळी भांडी घासायचे?"

लाल्ला झहूरची काठी सावकाश वर उठली आणि जिन्याखालच्या खुंटीकडे वळली. ती खुंटी त्या घराइतकीच जुनी होती.

बराच वेळ ती त्या फिक्या चांदण्यांवरून बोट फिरवत राहिली. मग सरळ झाली. डोळे पुसले, पण चेहऱ्यावर रडणं नव्हतं.

"चहा टाका गं कोणीतरी," ती म्हणाली. "आणि कारागीर आणाल तेव्हा त्याला सांगा, हे इकडचे तुकडे तसेच राहू दे. रंग जुळवायच्या भानगडीत पडू नकोस म्हणावं."

चहा त्याच थाळ्यातून आला, दुसरा मोठा थाळा कोणाकडेच नव्हता. पेले पोच्याकडे घसरत मधोमध गोळा झाले. ज्याला त्याला आपला पेला शोधून घ्यावा लागला. खोलीचा विषय निघालाच नाही. निघेल निघेल म्हणून रकियाचा चहा हातातच निवला.

उठताना लाल्ला झहूर दाराशी थांबली.

"रकिया, शिंगं टाकलीस का गं?"

"नाही लाल्ला. गच्चीवर आहेत."

"ते तडकलेलं दे मला. फडक्यात बांधून. माझा थोरला भाऊ आहे रबातला, ऐंशीच्या घरातला. दर ईदला फोन करतो आणि विचारतो, 'झहूर, यंदा काय फोडलंस?'" तिने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. "पोस्टाने नाही पाठवणार. स्वतः जाऊन त्याच्या पुढ्यात ठेवणार आहे."

रकिया जिना चढून गच्चीवर धावली. दोन-दोन पायऱ्या एकदम.